कडीचं वाण

आमच्या मंडळात कुठल्याही कामाची सुरुवात अध्यक्षीय भाषण कोण करणार यापासून व्हायची. मग प्रमुख पाहुणा कोण, त्याला आणायला गाडी कोणाची, हार कुठून आणायचा आणि आभार कोण मानणार. एवढं ठरलं की काम झाल्यासारखंच सगळ्यांना वाटायचं. दिल्लीतल्या सरकारी वसाहतीत राहणारी आम्ही मराठी माणसं. पुरुष मंडळी निरनिराळ्या मंत्रालयांत सेक्शन ऑफिसर नाहीतर त्याच्या आगेमागे. फाईल जागची हलू न देण्याचं शिक्षण त्यांना सरकारने पगार देऊन दिलेलं होतं, आणि मंडळात ते त्याचा फुकट लाभ द्यायचे.

मी त्यांच्यात होते आणि नव्हतेही. नवरा गेला तेव्हा मुलगी जेमतेम चालायला लागली होती. त्याच्या खात्याने मला त्याच्या जागी नाही, पण त्याच्या खूप खाली, कारकुनाची नोकरी दिली. म्हणून क्वार्टर राहिलं. सासरचे म्हणाले परत या, माहेरचे म्हणाले येऊन काय करणार. मी दिल्लीतच राहिले. मंडळाने त्या वेळी शोकसभा घेतली होती. तिलाही अध्यक्ष होता.

पुढे माझा मंडळाला उपयोग आहे हे त्यांच्या ध्यानात आलं. मला टायपिंग येत होतं, माझं मराठी शुद्ध होतं, आणि संध्याकाळी मला कुठे जायचं नसतं असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलेलं होतं. त्यामुळे मंडळाची पत्रकं, आमंत्रणं, गणेशोत्सवाची कार्यक्रमपत्रिका, सगळं माझ्याकडे यायचं. आमंत्रणं मी टाईप करायची आणि त्यांतली काही मला यायची नाहीत. याचं मला फारसं काही वाटायचं नाही, हे खरंच सांगते. निदान त्या जानेवारीपर्यंत तरी वाटत नव्हतं.

झालं असं, की आदल्या हिवाळ्यात मागच्या गल्लीतल्या एका मराठी घरातला मुलगा भाजला. दिल्लीत तेव्हा घरोघरी एकच पद्धत होती. लोखंडी बादलीवर आडवी काठी ठेवायची, तिला विजेचा रॉड अडकवायचा, पाणी उकळेपर्यंत आपण स्वयंपाकघरात डबे भरायचे. पोरगं बाथरूममध्ये गेलं, बादली अंगावर घेतली. वाचलं, पण छातीवरची कातडी कायमची आवळली गेली. सगळी वसाहत हळहळली. आणि पुढचा हिवाळा तोंडावर आल्यावर मंडळाला आठवण झाली की आपण या बाबतीत काहीतरी केलं पाहिजे. त्या काहीतरीचं नाव ठेवलं, बालसुरक्षा सप्ताह.

पहिल्या मीटिंगला मी टिपणं घ्यायला होते. सूचनांचा पाऊस पडला. चित्रकला स्पर्धा, विषय ‘सावधान!’ वक्तृत्व स्पर्धा, लहान गट, मोठा गट. एकाने नाटुकलं लिहायला घेतलंही होतं, त्यात रॉड हा राक्षस होता आणि शेवटी तो पश्चात्ताप करून मुलांना हात जोडत होता. एक साहेब म्हणाले, जनजागृती झाली पाहिजे. यावर सगळ्यांनी माना हलवल्या. जनजागृती म्हटलं की आमच्यातल्या सगळ्यांना फार बरं वाटायचं, कारण ती दुसऱ्याची करायची असते.

मला राहवलं नाही. मी म्हटलं, “आपल्या सगळ्यांच्या क्वार्टरांत बाथरूमची बाहेरची कडी खाली आहे, पोराच्या हाताशी. एक कडी वर बसवा, आपल्या खांद्याच्या उंचीवर. पाणी तापत ठेवलं की दार बाहेरून लावायचं. मूल आत जाणारच नाही. बाकी काही करायला नको.”

सूचना चुकीची आहे असं नव्हतं. तिच्यात उद्घाटनाला जागा नव्हती, हीच अडचण होती. शेवटी अध्यक्ष म्हणाले, “वहिनी, मुद्दा चांगला आहे, पण त्याला कार्यक्रमाचं स्वरूप कसं द्यायचं?” ते स्वरूप दिलं त्यांच्या बायकोने. त्या चहा घेऊन आल्या होत्या. ट्रे हातात धरूनच त्या म्हणाल्या, “अहो, मग संक्रांतीला कड्याच लुटू या की! दरवर्षी तेच ते, स्टीलच्या वाट्या नाहीतर प्लॅस्टिकचे डबे. यंदा कडीचं वाण!”

काय टाळ्या पडल्या! परंपरा आणि आधुनिकता यांचा संगम, असं कोणीतरी म्हणालंच. घाऊक बाजारातून पितळी कड्या आणायच्या, हळदीकुंकवाला बायकांना वाण म्हणून द्यायच्या, आणि मग मंडळाचा सुतार घरोघर जाऊन त्या बसवणार. मंडळाचं काम इतकं सरळ होताना मी पहिल्यांदाच पाहत होते. हळदीकुंकवाला मला कोणी बोलावणार नाही, हे तिथे बसल्या बसल्या माझ्या लक्षात आलं नाही असं नाही. पण मी म्हटलं, कुंकू ते कुंकू आणि कडी ती कडी. एवढी अक्कल या लोकांना असेल. आणि निघताना मी अध्यक्षांना विचारलंसुद्धा, “साहेब, मी माझी बाजारातून घेऊन टाकू का?” ते म्हणाले, “छे छे, बिलकुल घेऊ नका. घाऊक आणतोय ना! सुतार प्रत्येक क्वार्टरला येणार आहे.” मीच ते पत्रक टाईप केलं. ‘प्रत्येक मराठी घरी’ हे शब्द अध्यक्षांनी सांगितलेले होते.

संक्रांतीनंतरच्या रविवारी सकाळी पुरुष मंडळी बस करून पानिपतला गेली. दरवर्षी जायची. काला अंबला जाऊन स्मारकापुढे फुलं वाहायची, घोषणा द्यायच्या, आणि मग अध्यक्षांचं भाषण व्हायचं. ते मला पाठ होतं, कारण तेही मीच टाईप करायचे. त्या दिवशी किती घरांतल्या बायकांची कुंकवं पुसली गेली, हे वाक्य आलं की ते चष्मा काढून डोळे पुसायचे. बसमध्ये जे जे होते ते मला दरवर्षी येऊन सांगायचे, की साहेब अक्षरशः रडले. दोनशे वर्षांपूर्वीच्या विधवांसाठी रडायला काही लागत नाही. त्या जिन्यात भेटत नाहीत.

दुपारी हळदीकुंकू झालं. माझ्या गॅलरीतून अध्यक्षांचं दार दिसायचं. काठापदराच्या साड्या, वरून स्वेटर, असा दिल्लीचा थाट करून बायका जात होत्या आणि हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन येत होत्या. माझी मुलगी इतर पोरांबरोबर तिथे घुसून तिळगूळ घेऊन आली. तोंड चिकट, फ्रॉकला हळद. कडीला ती हिंदीतलं कुंडी म्हणायची. म्हणाली, “आई, सब आंटींना कुंडी मिळाली. आपल्याला कधी मिळणार?” मी म्हटलं, आपली सुतार घेऊन येईल. तिला ते पटलं. मलाही पटलं होतं, हे विशेष.

मंगळवारी सकाळी ती भाजली.

बसची वेळ झाली होती, डबा भरत होते. बाथरूममध्ये रॉड लावलेला. तेवढ्यात लाईट गेली. थंडीत ती रोज जायची आणि मी तिला रोज शिव्या द्यायचे. त्या दिवशी लाईट गेली म्हणून रॉडचा शॉक लागला नाही, आणि माझी मुलगी आज आहे. मुलगी हात गारठले म्हणून वाफेवर शेकायला आत गेली, काठी धरली, बादली कलंडली, आणि डाव्या पायावर, गुडघ्यापासून खाली, सगळं पाणी गेलं. तिचा तो आवाज मी लिहिणार नाही. खालची पंजाबी शेजारीण वर येऊन माझ्याआधी तिच्याजवळ पोचली. मी हळद शोधत होते की काय करत होते कोण जाणे. तिने पोरीला उचलून नळाखाली धरलं, जानेवारीतल्या त्या बर्फासारख्या पाण्याखाली, आणि मी ‘अहो तिला गारठा लागेल’ असं म्हणत असताना मला कोपराने बाजूला केलं. मग स्वतःच्या धुतलेल्या ओढणीत पाय गुंडाळून तिने स्कूटर थांबवली. दिल्लीत रिक्षाला स्कूटर म्हणतात. ती आमच्याबरोबर हॉस्पिटलात आली, तिथे ड्रेसिंग होईपर्यंत बसली, आणि माझ्या ऑफिसला फोनही तिनेच केला. तिच्या घरात बालसुरक्षेचं एकही पत्रक गेलेलं नव्हतं. ती मराठी नव्हती ना.

संध्याकाळी मुलगी औषधाने झोपली होती. जिन्यात ठोकाठोक ऐकू आली. सुतार समोरच्या घरात कडी बसवत होता. मी दार उघडून उभी राहिले. ते आटोपून तो हत्यारं गोळा करून वरच्या मजल्याकडे निघाला. मी म्हटलं, “भैया, इधर भी तो लगाना है.”

“लगा देता हूँ बीबीजी. कुंडी दीजिए.”

“कुंडी तो तुम लाओगे ना?”

“नहीं जी, कुंडी तो सब बीबियों को पूजा में मिली है. जिनके पास है, उनके यहाँ लगानी है. प्रधानजी ने यही बोला.”

मी त्याला थांब म्हटलं, शेजारणीला मुलीजवळ बसवलं आणि तशीच अध्यक्षांकडे गेले. पायांत सपाता, अंगावर सकाळचीच साडी, पदर ओला. साहेब ऑफिसातून यायचे होते. त्यांच्या बायकोने दार उघडलं. मुलीचं त्यांना कळलेलं होतं. “अगं, येणारच होते मी. फार का गं भाजलंय?” असं म्हणत त्यांनी मला बसवलं. खरंच डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. दुष्ट बाई असती तर माझं काम सोपं झालं असतं.

मी म्हटलं, “वहिनी, माझी कडी कुठे आहे?”

त्या गोंधळल्या. मग अगदी हळू, समजूत घालावी तशा म्हणाल्या, “अगं, मनात आलं होतं माझ्या. पण तूच सांग, तुला वाण कसं देणार? सवाष्णींना द्यायचं असतं ते. शिवाय चारचौघी होत्या तिथे, त्यांना काय वाटलं असतं. आणि तुलाही बरं वाटलं नसतं.”

“मला बरं वाटण्याचं सोडा. सुताराकडे पाठवून द्यायची होती.”

“अगं पण ती वाणाची ना! कुंकू लावून ठेवलेली. तशीच कशी पाठवायची? म्हटलं, पुढच्या मीटिंगमध्ये यांना विषय काढायला सांगू.”

त्यांच्या पलंगाखालून एक कापडी पिशवी डोकावत होती. मी ती ओढली. आत कड्या. कितीतरी उरलेल्या. पुढच्या वर्षासाठी ठेवल्यात, त्या म्हणाल्या. कोणाकोणाला दिल्या, मी विचारलं. सगळ्यांना, म्हणाल्या. ज्यांची मुलं कॉलेजात आहेत त्यांना? हो, सवाष्ण म्हणजे द्यायलाच हवं. जोशात येऊन त्यांनी हेही सांगितलं की पलीकडच्या ब्लॉकमधली नवी नवरी, लग्नाला महिना झालेला, पहिली संक्रांत, म्हणून तिला मानाच्या दोन दिल्या. दोन! जिच्या घरात पोर नाही, तिच्या बाथरूमला दोन कड्या. आणि माझ्या घरात पोर होतं, रॉड होता, बादली होती, फक्त नवरा नव्हता.

तेव्हा मी जे बोलले ते मोठ्याने बोलले, जिन्यात ऐकू गेलं असणार. “वहिनी, मी विधवा आहे, कबूल. पण माझी पोरगी कोणाची विधवा आहे? उकळतं पाणी आईचं कपाळ बघून भाजतं का?”

त्यांनी कानांवर हात ठेवले आणि म्हणाल्या, असं अभद्र बोलू नये. तिन्हीसांजा होत्या.

मी पिशवीतली एक कडी घेतली. तिच्यावर कुंकवाचं बोट उठलेलं होतं, ते पदराला पुसलं. फेकून मारावीशी वाटत होती. पण मी घेतली आणि घरी येऊन सुताराकडून बसवून घेतली, कारण उद्या सकाळी पुन्हा पाणी तापवायचं होतं. स्वाभिमानाच्या गोष्टी ज्यांच्या न्हाणीत गीझर आहे त्यांनी कराव्यात.

पुढच्या रविवारी सप्ताहाचा समारोप होता. त्याआधी अध्यक्ष स्वतः माझ्याकडे आले, मुलीसाठी सफरचंदं घेऊन. बसले, पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला. बायकोने त्यांना काय आणि किती सांगितलं होतं कळायला मार्ग नव्हता. चेहऱ्यावर ऑफिसातल्यासारखी शांतता होती. म्हणाले, “वहिनी, झालं ते फार वाईट झालं. ही गैरसमजातून झालेली गोष्ट आहे. तुम्ही समारोपाला या. तुम्ही आला नाहीत तर लोकांना वाटेल तुमचा राग आहे.”

“आहेच.”

“नाही, म्हणजे तसं दिसायला नको,” ते म्हणाले.

मी गेले. का गेले, तर वाटलं, हा माणूस निदान चारचौघांत एक वाक्य बोलेल. चुकलं, एवढंच. किंवा तेही नको, एक घर राहून गेलं, एवढं म्हटलं असतं तरी मला पुरे होतं. पोरीला कडेवर घेऊन, तिचा बँडेजचा पाय शालीत झाकून, मी कम्युनिटी हॉलमध्ये मागच्या खुर्चीवर बसले. बायका वळून वळून पाहत होत्या आणि नजर भेटली की हसत होत्या. नाटुकलं झालं. राक्षसाने हात जोडले. आदल्या वर्षी भाजलेल्या मुलाच्या हस्ते चित्रकलेची बक्षिसं दिली, म्हणजे त्याला स्टेजवर उभं केलं आणि एकाने त्याच्या शर्टाचं वरचं बटण उघडून लोकांना दाखवलं. त्याची आई पहिल्या रांगेत खाली मान घालून बसली होती. एका लहान मुलीला ‘सावधान!’ या विषयावर पहिलं बक्षीस मिळालं. तिने काढलेल्या चित्रात आई होती, बादली होती, आईच्या कपाळावर भलं मोठं कुंकू होतं.

मग अध्यक्ष उठले. पाहुण्यांकडे बघत त्यांनी मोहिमेचा अहवाल सांगितला. दिल्लीत असा उपक्रम दुसऱ्या कोणत्याही समाजाने केलेला नाही. आपल्या महिलांनी वाणासारख्या जुन्या प्रथेला नवा अर्थ दिला. “आणि मला सांगायला अभिमान वाटतो, की आज आपल्या वसाहतीतल्या प्रत्येक मराठी घरात ही सुरक्षेची कडी बसलेली आहे, आणि या मोहिमेनंतर आपल्या एकाही मुलाला इजा झालेली नाही.”

टाळ्या पडल्या. पाहुणेही वाजवत होते. मी उभी राहिले. बोलायचं ठरवून आले नव्हते, पण पाय उभे राहिले.

“साहेब,” मी म्हटलं, “तुम्ही कुंकवं मोजलीत. पोरं मोजायची राहिली आहेत.”

अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. म्हणाले, “वहिनींच्या भावना आपण सगळे समजू शकतो. वेळेअभावी आपण आता आभारप्रदर्शनाकडे वळू या.” आणि वळले. खरंच वळले. पाहुण्यांपासून माईकवाल्यापर्यंत सगळ्यांचे आभार मानले जात असताना मी खुर्च्यांमधून वाट काढत बाहेर पडले. कोणीही माझ्याबरोबर उठलं नाही. आभारप्रदर्शन अर्धवट टाकून जाणं बरं दिसत नाही.

बाहेर धुकं उतरायला लागलं होतं. गेटपर्यंत आल्यावर मुलीने माझ्या मानेतून डोकं वर काढलं. ती सगळं ऐकत होती, लहान मुलं ऐकतात तसं, आपल्याला हवं तेवढंच.

“आई,” ती म्हणाली, “ते अंकल म्हणाले ना, प्रत्येक मराठी घर. पण आपल्याला तर कुंडी दिली नाही त्यांनी. मग आपण मराठी नाही?”

भर सभेत अध्यक्षांना सुनावून आले होते मी. नवरा गेला तेव्हा ऑफिसात, स्टेशनवर, सासरी, कुठेही कोणासमोर मी रडले नव्हते. त्या गेटपाशी, चौकीदाराच्या देखत, पोरीला छातीशी धरून मी ढसाढसा रडले. ती आपली चिकट बोटं माझ्या गालावरून फिरवत पुन्हा पुन्हा तेच विचारत होती.